माळ्यावरचा स्पेक्ट्रम पुन्हा चालू करायचा असेल तर

स्पेक्ट्रम म्हणजे ऐंशीच्या दशकातला सिंक्लेअरचा घरगुती कॉम्प्युटर. सगळ्यात आधी एक काम करा: तो प्लगला लावू नका.

जुना कॉम्प्युटर हाती लागला की पहिली खुमखुमी तीच असते, चालतोय का बघू. मूळ अडाप्टर हरवलेला असतो. मग घरातला राउटरचा नऊ व्होल्टचा अडाप्टर काढून लावला जातो, आणि पिनही व्यवस्थित बसते. खेळ तिथेच संपतो. स्पेक्ट्रमला जी पिन लागते तिच्यात आतला भाग ऋण आणि बाहेरची कडा धन असते. राउटरच्या अडाप्टरमध्ये, आणि आजच्या जवळपास सगळ्याच अडाप्टरमध्ये, बरोबर उलटं असतं. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या मशीनपैकी बऱ्याच जणी माळ्यावर चाळीस वर्षं सुखरूप राहून एका संध्याकाळी अशा गेलेल्या असतात.

मी रत्नागिरीत राहते. नोकरीची सगळी वर्षं पॉलिटेक्निकच्या मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात गेली, आता घरी टेबलावर जुनी मशीन उघडून बसते. पुढे जे सांगणार आहे ते स्पेक्ट्रम प्लस या मॉडेलबद्दल आहे, कारण आपल्याकडच्या माळ्यांवर निघतो तो बहुधा हाच. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या केंब्रिजच्या कंपनीने मूळ स्पेक्ट्रम २३ एप्रिल १९८२ रोजी आणला. १६ के (किलोबाइट) मेमरीचा १२५ पौंडांना, ४८ केचा १७५ पौंडांना. १९८४ मध्ये त्याच बोर्डाला कडक प्लास्टिकच्या कळा आणि मोठं खोकं देऊन प्लस काढला. १९८६ मध्ये डेसिबेल्स कंपनीने तो परवान्यावर भारतात विकायला सुरुवात केली, डीबी स्पेक्ट्रम प्लस नावाने. त्याच सुमाराला शाळांमधून केंद्र सरकारच्या क्लास या शालेय कॉम्प्युटर-शिक्षण प्रकल्पातले बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर येत होते. ते मशीनही गुणी आहे, पण त्याच्या पॉवर सप्लायची दुरुस्ती थेट २३० व्होल्टशी असते, म्हणून नवशिक्याने त्याच्यापासून सुरुवात करू नये. स्पेक्ट्रमच्या आत काहीही केलं तरी तुम्हाला शॉक बसत नाही.

लोक म्हणतात, हे सगळं जुन्या आठवणींचं वेड आहे. माझा भाचा अकरावीत आहे. त्याला १९८६ ची आठवण असण्याचं काही कारण नाही, तरी सुट्टीत आला की टेबलापाशी सगळ्यात जास्त वेळ तोच बसतो. पहिल्या दिवशी त्याने विचारलं होतं, "मावशी, याला वायफाय कुठे जोडायचं?" आता तो मल्टिमीटर घेऊन चिपच्या पायांवरचे व्होल्ट सांगतो. त्याच्या लॅपटॉपमध्ये मेमरीसुद्धा बोर्डावर कायमची डकवलेली आहे. उघडून बघण्यासारखं त्याच्यासाठी तिथे काही ठेवलेलंच नाही. स्पेक्ट्रम विहिरीसारखा आहे: खोल आहे, पण तळ आहे, आणि तळाला पाय टेकतात. मला वाटतं ओढ असते ती याची.

वीज

लागणारं सामान थोडं आहे. डिजिटल मल्टिमीटर, २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, सोल्डर ओढायचा पंप, चांगला फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, आणि आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास हे सगळं मिळतं. आम्ही कोकणातले लोक कुरिअरने मागवतो.

मूळ अडाप्टर सापडला असेल तर तो मशीनला न जोडता नुसता लावून पिनेवर व्होल्ट मोजा. वर ९ लिहिलेलं असतं आणि मीटर १२-१३ दाखवतो. घाबरू नका. तो साधा ट्रान्सफॉर्मर-डायोडचा अडाप्टर आहे. त्याच्यावर भार पडला की व्होल्ट खाली येतात. मीटरचा लाल प्रोब बाहेरच्या कडेला आणि काळा आत धरल्यावर आकडा अधिक चिन्हाचा आला पाहिजे. वायर चिघळली असेल किंवा खोक्याला जळका वास येत असेल तर तो अडाप्टर काढूनच टाका. नवा ९ व्होल्ट, दीड-दोन अँपिअरचा चांगला अडाप्टर घ्या, पिनेजवळ वायर कापा, दोन्ही तारा उलटसुलट करून जोडा, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवा, आणि पुन्हा मोजा. मग त्यावर कागद चिकटवून "फक्त स्पेक्ट्रम" असं ठसठशीत लिहा. नाहीतर एखाद्या दिवशी घरातलं कोणीतरी तोच राउटरला लावतं.

आता खोकं उघडायचं. स्क्रू खालच्या बाजूने आहेत. खोक्याची आकृती एका कागदावर काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवा. वरचं झाकण एकदम उचलू नका. कीबोर्डमधून दोन पातळ पारदर्शक पट्ट्या बोर्डावरच्या खाचांत गेलेल्या असतात, एक पाच तारांची, एक आठ तारांची. इतक्या वर्षांनी त्या पापडासारख्या कडकडीत होतात. झाकण दोन बोटं वर घ्या, पट्ट्या सरळ वर ओढून सोडवा, मगच झाकण बाजूला करा. पट्टी तुटली तरी मशीन मेलेलं नाही, त्याबद्दल पुढे.

आत धूळ, झुरळांची अंडी, कधी गंजलेली टाचणी निघते. मऊ ब्रशने झाडा. मागच्या बाजूला बोर्डाची उघडी कड आहे, तिथले धातूचे पट्टे आयपीएने पुसा.

आता मशीनमधली सगळ्यात नाजूक गोष्ट. बोर्डावर एक ७८०५ रेग्युलेटर ॲल्युमिनियमच्या पत्र्याला लावलेला दिसेल; तो नऊचे पाच व्होल्ट करतो. पण खालच्या १६ के मेमरीच्या आठ ४११६ चिप्सना नुसते पाच पुरत नाहीत. त्यांना अधिक पाच, अधिक बारा आणि उणे पाच असे तीन वेगवेगळे व्होल्ट लागतात. शेवटचे दोन एक छोटी गुंडाळी आणि दोन ट्रान्झिस्टर मिळून बोर्डावरच तयार करतात. यातला उणे पाच गायब झाला आणि बारा मात्र येत राहिले, तर मेमरी चिप्स तापून मरतात. म्हणून पहिल्यांदा वीज देताना टीव्हीकडे बघायचंच नाही, मीटरकडे बघायचं.

वीज देण्याआधी ७८०५ चा पाच व्होल्टचा पाय आणि पत्रा यांच्यात शॉर्ट नाही ना, एवढं बघून घ्या. मग मीटरचा काळा प्रोब ७८०५ च्या पत्र्याला लावा, तो ग्राउंडच आहे. वीज द्या आणि लाल प्रोबने कुठल्याही एका ४११६ चे पाय तपासा. खाचेच्या बाजूने मोजत पाय १ वर उणे पाच, पाय ८ वर अधिक बारा, पाय ९ वर अधिक पाच. पाय १६ ग्राउंड. प्रोब दोन पायांमध्ये घसरू देऊ नका. एकही आकडा फार इकडेतिकडे असेल तर ताबडतोब बंद करा. बारा आणि उणे पाच दोन्ही बेपत्ता असतील तर पहिला संशय टीआर४ नावाच्या ट्रान्झिस्टरवर घ्या. त्याच्या जागी झेडटीएक्स६५० बसतो. तो जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे मशीन चालू असताना मागे जॉयस्टिकचा इंटरफेस खुपसणं किंवा उपसणं. मागची कड वीज बंद असतानाच हाताळायची, याला अपवाद नाही.

इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर मात्र न तपासता सरसकट बदला. ते मूठभरच आहेत आणि आतलं द्रव इतक्या वर्षांत वाळलेलं असतं. प्रत्येकावर मूल्य छापलेलं आहे. तेवढंच मूल्य, तेवढाच किंवा जास्त व्होल्ट, १०५ अंशांचा माल घ्या. काढण्याआधी फोटो काढा, बोर्डावरची अधिक-उणे खूण पाहा. एका वेळी एकच काढा आणि त्याच्या जागी नवा लावूनच पुढच्याला हात घाला. ७८०५ च्या जागी आजचा स्विचिंग रेग्युलेटर बसवता येतो, त्याने मशीन बरंच थंड राहतं. आपल्या मे महिन्यात ते चांगलंच.

पडदा

जुन्या टीव्हीसाठी स्पेक्ट्रम यूएचएफच्या ३६ क्रमांकाच्या चॅनलवर चित्र पाठवतो, ५९१.२५ मेगाहर्ट्झवर. आपल्याकडच्या अनेक टीव्हींत अजून ॲनालॉग ट्यूनर असतो. अँटेनाच्या जागी वायर लावून हाताने शोधलं की चित्र सापडतं. आपली रंगपद्धतही पाल, त्यामुळे रंगांची अडचण नाही. आवाज टीव्हीतून येत नाही म्हणून गोंधळू नका. तो मशीनच्या पोटातल्या छोट्या स्पीकरमधूनच येतो.

चित्र मिळतं, पण धुरकट. खरा उपाय म्हणजे कॉम्पोझिट व्हिडिओ. टीव्हीची वायर जिथे लावता तो पत्र्याचा डबा म्हणजे मॉड्युलेटर. त्यात बोर्डावरून दोन तारा जातात, एक पाच व्होल्टची आणि एक व्हिडिओची. दोन्ही सोडवा. डब्याच्या आत सॉकेटच्या मधल्या पिनेला जो रेझिस्टर लावलेला आहे तो अलग करा. मग व्हिडिओची तार थेट त्या मधल्या पिनेला जोडा. पाच व्होल्टची तार इन्सुलेट करून बाजूला ठेवा. आता टीव्हीच्या पिवळ्या सॉकेटला साधी वायर लावली की काम झालं. काहीही कापलेलं नसल्यामुळे हे सगळं पूर्ववतही करता येतं. एचडीएमआयचे स्वस्त कन्व्हर्टर घ्यायची घाई करू नका. स्पेक्ट्रम सेकंदाला नेमकी ५० नाही तर ५०.०८ चित्रं देतो, आणि असल्या डब्यांपैकी काही या किंचित फरकानेही बिथरतात.

वीज दिल्यावर पडदा काळा होतो, क्षणभराने पांढरा, आणि खाली सिंक्लेअर रिसर्चची १९८२ ची ओळ येते. दोन सेकंद लागतात. तेवढ्यात मशीनने आपली सगळी मेमरी तपासून झालेली असते. मला याचं अजून अप्रूप आहे.

ती ओळ आली नाही आणि पडद्यावर ठरावीक अंतराने उभ्या रेघा दिसल्या तर हातपाय गाळू नका, कारण ही बिघाडाची सगळ्यात सुंदर जात आहे. पडद्याचं चित्र त्या खालच्या १६ के मध्येच राहतं, आणि प्रत्येक बाइटचे आठ बिट आठ वेगवेगळ्या चिप्समध्ये असतात. एक चिप गेली की दर आठ ठिपक्यांतला एकच ठिपका बिघडतो. आठाच्या घरात रेघ कितव्या जागी आहे ते मोजलं की कुठल्या बिटाची चिप बदलायची ते कळतं. बिघडलेलं मशीन स्वतःच बोट दाखवतं. निळा पडदा दाखवून आकड्यांचा कोड फेकणाऱ्या यंत्राने आमच्या पिढीला जेवढं छळलं, त्याच्यापुढे हा सज्जनपणाच म्हणायचा.

ओळ आली तर वरच्या ३२ के ची खात्री करायला एवढंच टाइप करा: प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३. उत्तर ६५५३५ आलं की पूर्ण ४८ के शाबूत. ३२७६७ आलं तर वरची मेमरी मशीनला दिसतच नाही. या वरच्या भागात बहुतेक वेळा टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या ४५३२ चिप्स असतात. त्या मुळात ६४ किलोबिटच्या, पण अर्धा भाग सदोष निघाल्यामुळे स्वस्तात विकलेल्या. सिंक्लेअरने चांगला अर्धा भाग वापरला आणि कुठला अर्धा चांगला आहे ते बोर्डावरच्या एका तारेने ठरवलं. म्हणून चिप बदलताना तिचं पूर्ण नाव, शेवटच्या आकड्यासकट, जुळवा.

कळा

काही कळा दाबल्या जात नसतील तर कुठल्या, त्याची यादी करा. चाळीस मूळ कळा आठ गटांत आहेत, प्रत्येक गटात पाच. क्यू ते टी असा सलग गट मेला असेल तर आठ तारांच्या पट्टीतली एक तार तुटली आहे. उलट १, ०, क्यू, पी, ए, एंटर, शिफ्ट आणि स्पेस अशा विखुरलेल्या आठ कळा एकदम गेल्या असतील तर पाच तारांच्या पट्टीत बिघाड आहे. पट्टीचं टोकच तुटलं असेल आणि लांबी पुरत असेल, तर कात्रीने सरळ कापून पुन्हा खाचेत खोचा. चांदीच्या रंगाने डागडुजी करण्यात मी वेळ घालवत नाही. ती टिकत नाही. प्लससाठी नवे मेम्ब्रेन (कळांखालचा, या पट्ट्यांसकटचा पातळ थर) आजही बनतात, परदेशातून मागवावे लागतात, आणि तो खर्च मात्र करावा. एक बरं आहे, हे खोकं काळं असल्यामुळे त्या काळातल्या पांढऱ्या-करड्या मशीनसारखं पिवळं पडत नाही. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, संपलं.

टेप

जुन्या कॅसेट मशीनबरोबर सापडल्या असतील तर आधी उजेडात धरून बघा. कोकणात, आणि खरं तर समुद्राजवळ कुठेही, रिळाच्या कडेवर पांढरी बुरशी असते. अशी कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घालू नका. ती हेडला चिकटेल आणि पुढची प्रत्येक कॅसेट खराब करेल. स्वच्छ असेल ती पहिल्याच वेळी वाजवताना लॅपटॉपवर रेकॉर्ड करून ठेवा, वेव्ह फाइलमध्ये, एमपी३ नको. दुसरी संधी मिळेलच असं नाही.

रोजच्या वापराला टेपरेकॉर्डरची गरज नाही. मोबाइलवर टेपच्या फाइली वाजवणारी ॲप आहेत. मोबाइल विमान मोडवर टाका, नाहीतर मध्येच आलेला व्हॉट्सॲपचा टुंग आवाजही स्पेक्ट्रम इमानाने वाचायला जातो. मोबाइलपासून मशीनच्या इअर सॉकेटपर्यंत ३.५ मिलिमीटरची मोनो वायर लावा. पडद्यावर के अक्षराचा कर्सर असताना जे ही कळ दाबली की लोड हा आख्खा शब्द येतो. मग अवतरणचिन्ह दोनदा, प्लसवर त्याची वेगळी कळ आहे, आणि एंटर. आवाज पूर्ण करून फाइल वाजवा. पडद्याच्या कडेला लाल-आकाशी जाड पट्टे आले म्हणजे सूर जुळला, निळे-पिवळे बारीक पट्टे म्हणजे माहिती येतेय. ४८ के भरायला चार-पाच मिनिटं लागतात. पट्टेच आले नाहीत तर मोबाइलचा आवाज कमी पडतोय; मध्ये एखादा छोटा ॲम्प्लिफायर टाका. पट्टे येऊन शेवटी टेप लोडिंग एरर आला तर आवाज थोडा कमी करून बघा.

खऱ्या टेपरेकॉर्डरवरच करायचं असेल तर लोड करताना माइक सॉकेटची वायर काढून ठेवा, आणि हेडच्या शेजारचा छोटा स्क्रू कॅसेट वाजत असताना हळूहळू फिरवून आवाज सगळ्यात कर्कश होईल तिथे थांबवा.

आणि मग काय करायचं

लोक गेम लावतात. लावा. पण दुरुस्त झालेलं मशीन मी हातात देते तेव्हा प्रत्येकाकडून एक गोष्ट करून घेते: त्यावर मराठी अक्षर काढायचं. स्पेक्ट्रममध्ये स्वतःची २१ अक्षरं बनवायची सोय आहे, प्रत्येक आठ बाय आठ ठिपक्यांचं. चौकटीच्या वहीत आठ ओळी आखा. 'प' असा होतो:

११११११११
०१०००१००
०१०००१००
०१०००१००
००११११००
०००००१००
०००००१००
००००००००

प्रत्येक ओळ म्हणजे एक द्विमान (बायनरी) संख्या: २५५, ६८, ६८, ६८, ६०, ४, ४, ०. आता हा प्रोग्रॅम. पडद्यावर तो अर्थातच इंग्रजीत उमटेल:

१० फॉर एन = ० टू ७
२० रीड एक्स : पोक यूएसआर "ए" + एन, एक्स
३० नेक्स्ट एन
४० डेटा २५५, ६८, ६८, ६८, ६०, ४, ४, ०

रन करा, मग प्रिंट, अवतरणचिन्ह, ग्राफची कळ, आणि ए. 'प' उमटतो. तसाच काना बनवा: २५५, मग सहा वेळा ४, शेवटी ०; तो "बी" वर ठेवा. दोन्ही शेजारी छापले की शिरोरेघ आपोआप जुळते, कारण दोन अक्षरांच्या मध्ये मशीन जागा सोडतच नाही. (एवढ्या सामानात पहिला पूर्ण शब्द 'पाप' होतो, त्याला माझा इलाज नाही.)

इथून पुढे खरी मजा. २१ जागांत मराठी वर्णमाला मावत नाही. मग २३६७५ या पत्त्यावरचा निर्देशक बदलून अक्षरांचे दोन-तीन संच ठेवायचे आणि हवा तो पुढे आणायचा. वेलांटी, मात्रा, अनुस्वार शिरोरेघेच्या वर जातात, म्हणजे एका मराठी ओळीला पडद्याच्या दोन ओळी. छापायला २२ ओळी मिळतात, तेव्हा एका पडद्यावर अकरा ओळी मराठी, प्रत्येकी ३२ घरांची. भाच्याने ऱ्हस्व वेलांटी कशी वळवायची यावर दोन दिवस माझ्याशी वाद घातला आणि शेवटी त्याचीच चांगली दिसली.

केलेलं काम सेव्ह करताना माइक सॉकेटमधून लॅपटॉपच्या इनपुटमध्ये वायर द्या आणि रेकॉर्ड करा. मग तेच रेकॉर्डिंग इअर सॉकेटमध्ये वाजवून व्हेरिफाय करा. ओके आल्याशिवाय मशीन बंद करू नका. पावसाळ्यात स्पेक्ट्रम झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावा, आणि महिन्यातून एकदा तासभर चालवावा. अडाप्टर त्याच डब्यात ठेवा.